डबा सापडला, पुढे?

माझा भाचा अमेरिकेत ओरेगनला असतो आणि सुटीच्या दिवशी डबे शोधतो. हे प्रथम ऐकले तेव्हा मला वाटले, बिचाऱ्याची नोकरी गेली असावी. पण तो म्हणाला, "मामा, जिओकॅशिंग!" यातले 'कॅशिंग' ऐकून मी सावरून बसलो. मी बँकेतला कारकून. म्हटले, आपल्याच खात्यातला प्रकार दिसतो.

तसे नव्हते. कोणीतरी एक डबा कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीचे लोक उपग्रहाच्या मदतीने तो शोधतात. डब्यात एक वही असते. तिच्यात नाव लिहायचे, डबा होता तिथे ठेवायचा आणि घरी यायचे.

"मग मिळतं काय?" आमच्या सौ.ने विचारले.

"सही करायला मिळते, मामी."

"म्हणजे मस्टर!" असे म्हणून सौ. कुकर बघायला गेली.

२००० सालच्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने उपग्रहांच्या संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. लगोलग ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगनमध्येच एक बादली रानात नेऊन ठेवली. सरकारने एक चूक दुरुस्त केली की जनता लगेच दुसरी करते, ती अशी.

आता जिथे चार माणसे एक छंद करतात तिथे पाच मते असायचीच. भाच्याचे मत असे, की डबा तो डबा. त्याच्या नावावर तीन हजारांवर डबे जमा आहेत. दुकानासमोरच्या दिव्याच्या खांबाच्या बुडाशी फिल्मची डबी दिसली, तरी त्याला तो डबाच. दोन डब्यांत १६१ मीटर अंतर हवे असा नियम आहे. तेव्हा काही लोक वाळवंटातल्या रस्त्यावर बरोबर तेवढ्या अंतराने ओळीने डबेच डबे ठेवतात. भाच्यासारखे लोक मोटारीतून उतरतात, सही करतात, चढतात, पुन्हा उतरतात. आमच्याकडे पोलिओचे डोस असे देतात.

सूनबाई दुसऱ्या पंथाची. तिचे म्हणणे, डबा हे निमित्त. ज्याने तो ठेवला त्याने आपल्याला काहीतरी पाहण्यासारखे दाखवले पाहिजे. "खांबाखाली डबा ठेवला, तर मी काय पाहिलं? खांब!" नवराबायको चंद्रपूरला आमच्या ओसरीवर या प्रश्नावर तासभर भांडली. मी मध्ये पडलो नाही, कारण मला पंच नेमण्यात आले होते.

भाचा म्हणाला, चंद्रपूरला आपण एक डबा ठेवू आणि त्याचे पालकत्व मामांकडे देऊ. डब्याची देखभाल करायला जवळपास राहणारा माणूस लागतो म्हणे. मी आयुष्यात लॉकरच्या किल्ल्या सांभाळल्या आहेत; पण रिकामा डबा कोणी माझ्या विश्वासावर सोडलेला नव्हता.

पहिली सूचना ताडोबाची आली. मी सांगितले, ताडोबात गाडीतून खाली पाय ठेवता येत नाही. आणि तिथे मोजणाऱ्यांचा पंथ आधीच ठाण मांडून आहे. मोहर्लीच्या गेटवर बाहेर पडणाऱ्या जिप्सीला एकच प्रश्न विचारतात, "दिसला का?" रानकुत्री दिसली, अस्वल दिसले, पहाटेच्या धुक्यातला तलाव दिसला, पण वाघ दिसला नाही म्हणजे पैसे बुडाले. ही माणसे आणि माझा भाचा एकाच शाळेतली. त्याच रानाच्या कडेला मोहफुले वेचायला जाणारी बाई संध्याकाळी घरी येते आणि वाघ दिसला नाही म्हणून हात जोडते. तिचा दिवस जमेत गेला असे कोणत्या वहीत लिहायचे?

मग सूनबाईच्या हट्टाखातर मूलमार्गे मार्कंड्याला निघालो. वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात शिरलो आणि भाच्याला एक छोटा पूल आवडला. त्याने पिशवीतून डबा काढला. हिरवा, लोखंडी, कडीचा. लष्करात काडतुसे ठेवायला वापरतात तोच. तिकडे म्हणे हा डबा सर्वोत्तम समजतात, पाणी शिरत नाही.

आमच्या ड्रायव्हरचा चेहरा उतरला. "काय करून राहिले जी? पुलाखाली डबा ठेवता का? अजी, आधी मले घरी सोडा, मंग ठेवा."

भाचा हसला. मी हसलो नाही. या जिल्ह्याने पुलाखालच्या आणि रस्त्याखालच्या डब्यांचे फार सोसले आहे. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळच्या सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा ड्रायव्हर गेले. आम्ही मुकाट्याने डबा डिकीत ठेवला. उत्तम डबा कोणता हे ओरेगनमध्ये ठरवून गडचिरोलीत आणता येत नाही, एवढे तरी मोजणाऱ्यांनी मान्य करावे.

मार्कंड्याला नदी उत्तरेकडे वळते. देवळांवरची शिल्पे बघताना सूनबाईचे तोंड बंद झाले. भाचा मात्र दोन दगडांमधली फट बोटाने चाचपत होता.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर सौ. सांगेल. परतल्यावर भाच्याने जागा शोधायची म्हणून मला लालपेठेत ओढून नेले. तिथे एकेका प्रचंड दगडात कोरलेल्या मूर्ती उघड्यावर उताण्या पडल्या आहेत. त्यांत दहा तोंडांची दुर्गा आहे. रायप्पा नावाच्या कोमट्याने मोठे देऊळ योजले आणि ते पुरे होण्याआधीच तो गेला, अशी हकीकत सांगतात. अनेक वर्षे मी या गावात राहतो. लालपेठेतून शेकडो वेळा गेलो असेन. या मूर्ती पाहिल्या नव्हत्या. मोजणाऱ्या भाच्याने दाखवल्या. 'आकड्याच्या नादाने का होईना, माणूस घराबाहेर पडतो' हा त्याचा मुद्दा मला तिथे गिळावा लागला.

पण गिळला तरी पचला नाही. भाचा त्या दुर्गेपुढे किती वेळ उभा राहिला? इथे डबा ठेवायला परवानगी मिळणार नाही, हे कळेपर्यंत. मी रोज संध्याकाळी कॅश जुळवतो. जुळली की बरे वाटते, पण त्या नोटांत कोणाच्या मुलीचे लग्न होते आणि कोणाचा बैल होता हे माझ्या ध्यानात राहत नाही. मोजण्याचा हा गुणच आहे. तो मला पगारापुरता ठीक आहे. सुटीच्या दिवशी पदरचे पेट्रोल जाळून तो कशाला?

२०१७ साली याच गावात इको-प्रोच्या पोरांनी गोंड राजांच्या परकोटावरची झाडेझुडपे महिनोन् महिने तोडली. अख्खे बुरूज सापडले. तिथे कोणाला सही करायला वही नव्हती.

सूनबाईने सांगितले, तिकडे बिनडब्याचाही एक प्रकार असतो. जागेवर जाऊन तिथल्या दगडमातीबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे. पाहिल्याशिवाय उत्तर येत नाही. मी पंच म्हणून निकाल तिच्या बाजूने दिला. भाचा म्हणाला, हा पक्षपात आहे. होताच.

लालपेठेतून घरी यायला ऑटो केला. ऑटोवाल्याने आम्हाला तासभर त्या दगडांभोवती फिरताना पाहिले होते.

"भेटलं का जी?" त्याने विचारले.

"भेटलं," सूनबाई म्हणाली.

"नाही," भाचा म्हणाला.

ऑटोवाल्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "जटपुरा गेट. मीटरनं घे."