भेटवस्तू आणि पावती

ईदला किंवा लग्नात आपल्याला भेटवस्तू मिळतात. कधी सदरा लहान होतो, तर कधी घड्याळ दुसऱ्याच दिवशी बंद पडते. ती वस्तू घेऊन दुकानात गेलो, की दुकानदार विचारतो, "पावती कुठे आहे?" पावती असते भेट देणाऱ्याजवळ, आणि त्याच्याकडे ती मागायला आपल्याला संकोच वाटतो. मग वस्तू कपाटात पडून राहते.

दुकानदाराचा प्रश्न चुकीचा नाही. वस्तू आपल्याच दुकानातली आहे, हे त्याने पावतीवाचून कसे ओळखावे? पण सदरा आणि घड्याळ यांत फरक आहे. चांगला सदरा बदलून देणे ही सहसा दुकानदाराची मर्जी असते. बिघडलेल्या घड्याळाचे तसे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा माणूसही कायद्याने ग्राहक ठरतो. म्हणजे भेट मिळालेल्यालाही हक्क आहे. फक्त पुरावा हवा.

म्हणून मुलांनो, मला वाटते की भेट देणाऱ्यानेच पावती मागून घ्यावी, ती जपून ठेवावी आणि "बदलायची असेल तर सांगा" असे मोकळेपणाने म्हणावे. त्यात कमीपणा नाही. घेणाऱ्यानेही वापरलेला सदरा नवा म्हणून परत नेऊ नये. हक्क मागणाऱ्याने आधी खरे बोलावे.