ब्याऐंशीव्या वर्षी पुन्हा मैफल

वय विचारलं की आपण हळूच दोन-चार वर्षं गाळतो, हो ना मैत्रिणींनो? अमेरिकेतल्या अल्बर्टा हंटर या जाझ गायिकेनं चक्क बारा वर्षं गाळली होती! जन्म 1895 चा. तरुणपणी शिकागो, लंडन, पॅरिस गाजवलेलं. पुढं आई गेली नि बाईंचं गाण्यावरचं मन उडालं. वय कमी सांगून त्या नर्सिंग शिकल्या आणि न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात सुमारे वीस वर्षं रुग्णांची सेवा केली. सत्तरी झाली असं समजून इस्पितळानं 1977 मध्ये त्यांना निवृत्त केलं. बाई तेव्हा ब्याऐंशीच्या होत्या!

त्याच वर्षी तिथल्या ‘कुकरी’ नावाच्या रेस्टॉरंटमध्ये त्या पुन्हा गायला उभ्या राहिल्या. कानांत मोठाले लोलक, डोळ्यांत मिस्कीलपणा. आवाज जाडाभरडा झालेला, पण शब्द न् शब्द स्वच्छ. चावट ओळ तर अशी साळसूदपणे टाकायच्या, की हसू आवरू नये. तरुण गळ्याला हे कुठून जमायचं? 1984 साली त्या गेल्या. जवळजवळ तोवर लोक त्यांना ऐकायला गर्दी करत होते.

‘अ‍ॅमट्रॅक ब्लूज’ ही त्यांची 1980 ची ध्वनिमुद्रिका मिळाली, तर दुपारची झाकपाक झाल्यावर जरूर लावा. जाझ कळत नसलं तरी चालेल.