दोन गाण्यांवर अल्बम निकालात काढू नका

वेलचेरी, तरमणी, मडिपाक्कम या भागांत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. गणपतीत आरती झाल्यावर आपण प्रसाद घेत बसलो होतो आणि सिद श्रीरामच्या 'सिद्धार्थ' या अल्बमचा विषय निघाला. पाच मिनिटांत निकाल लागला. 'सिनेमात इतकं गोड गातो, मग हे काय?' 'इंग्रजीत गायची काय गरज होती?' 'दोन गाणी ऐकली, पुढे जाववेना.' पूर्ण अल्बम कोणी ऐकला, असं मी विचारलं तेव्हा एकही हात वर झाला नाही. मी जास्त बोललो नाही, कारण त्याच्या वर्षभर आधी मीही नेमकं हेच केलं होतं.

सिद श्रीराम आपल्याच गावात, चेन्नईत, 1990 साली जन्मला आणि अगदी लहानपणी कॅलिफोर्नियात गेला. कर्नाटक संगीत आईकडून शिकला, नंतर बोस्टनच्या बर्कली कॉलेजात संगीताचंच शिक्षण घेतलं. 2013 साली ए. आर. रहमान यांनी 'कडल' चित्रपटात त्याला 'अडिये' हे गाणं दिलं आणि तमिळ घराघरांत त्याचा आवाज पोचला. पुढे तेलुगूतही तेच झालं. पण ही सगळी गाणी दुसऱ्यांनी रचलेली. 'सिद्धार्थ' ऑगस्ट 2023 मध्ये आला. हा त्याने मिनियापोलिसमध्ये रायन ओल्सन या निर्मात्याबरोबर केलेला, स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आहे. अल्बमला त्याने स्वतःचं पूर्ण नाव दिलं. एवढ्यावरूनच कळावं की इथे तो चित्रपटातल्या नायकासाठी गात नाहीये.

माझ्या मुलीने तो पहिल्याच आठवड्यात लावला. दुसऱ्या गाण्याला मी 'बंद कर' म्हटलं. तिने बंद केला आणि काही न बोलता खोलीत गेली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग डिसेंबर आला. मिचाँग चक्रीवादळाचा पाऊस आपण कोणीच विसरलेलो नाही. 2015 च्या पुरानंतर पुन्हा एकदा वेलचेरीत तळमजले पाण्याखाली गेले, वीज गेली, फोनला रेंज नव्हती. आमच्याकडे वीज यायला चार दिवस लागले. मुलीच्या फोनवर जे आधी उतरवून ठेवलं होतं तेवढंच ऐकता येत होतं, आणि त्यात पूर्ण असा हा एकच अल्बम होता. बॅटरी जपायची म्हणून रोज संध्याकाळी एकदाच लावायचा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मेणबत्तीच्या उजेडात. पुढे सरकवायला बोट जायचं, तर मुलगी फोन बाजूला घ्यायची.

पहिल्या संध्याकाळी मला पूर्वीसारखाच कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी एक गोष्ट कानात शिरली. इंग्रजी शब्दाच्या शेवटच्या स्वरावर तो आवाज थरथरवत वळवतो, आणि ते वळण गमकाचं, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या स्वराच्या आंदोलनाचं आहे. ड्रम आणि गिटार यांच्यामध्ये आईने शिकवलेलं गाणं तसंच्या तसं बसलेलं आहे. तिसऱ्या दिवशी गाण्यांचा क्रम कळू लागला. एक गाणं मला जिथे अर्धवट वाटलं होतं, तिथे पुढचं गाणं त्याला उचलून घेत होतं. काही जागा मला आजही पटत नाहीत. शब्द पुष्कळ ठिकाणी पहिल्यांदा हाती लागत नाहीत, आवाज वाद्यांच्या गर्दीत मागे पडतो. पण हे माझं मत आता चार वेळा ऐकून झालेलं आहे, आणि मुलीशी त्यावर बोलता येतं. 'बंद कर' म्हटल्यावर तेवढ्यावरच बोलणं संपलं होतं.

आपल्या घरापासून 'परक्कुम रेल'ने, म्हणजे पुलावरून धावणाऱ्या लोकलने, तिरुमयिलैला उतरलं की मैलापूर. मार्गळीत तिथल्या सभांमध्ये मी दरवर्षी दोन-तीन कचेऱ्यांना जातो (इथे कचेरी म्हणजे मैफल, ऑफिस नव्हे). मैफल संपल्यावर कँटीनमध्ये कॉफी पिताना तिथले म्हातारे रसिक जे बोलतात ते एकदा कान देऊन ऐका. 'छान झालं' किंवा 'पडलं' एवढ्यावर कोणी थांबत नाही. आलापीत गायिका अमुक स्वरावर किती वेळ थांबली, तनि आवर्तनात (तालवाद्यांच्या स्वतंत्र वादनात) मृदंगवाल्याने कुठे पकड सैल सोडली, मागच्या वर्षी हीच कृती किती संथ होती, असं बोलणं चालतं. नापसंती असते, कडकही असते, पण ती ऐकलेल्या जागेबद्दल असते. तीन तास बसून ऐकलेल्याला ते बोलायचा हक्क आहे. आपल्यालाही अल्बमबद्दल इतपत बोलता आलं पाहिजे, आणि त्यासाठी रागांची नावं यायला हवीत असं मुळीच नाही. कुठे थांबावंसं वाटलं, कुठे लक्ष उडालं, कोणती ओळ दुसऱ्या दिवशी भांडी घासताना आठवली, एवढं सांगितलं तरी पुरे.

दुसरी एक गोष्ट मला फार लागते. तंजावरची मराठी राजवट 1855 मध्ये संपली, पण तिथल्या कीर्तनांमधून आलेले अभंग तमिळ भागवतर आजही गातात. मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम यांनी तर अभंग मोठ्या मंचावर नेले. असा अभंग कानावर आला की आपल्यातलं कोणीतरी लगेच म्हणतं, 'उच्चार बघा!' उच्चार चुकतात, खरं आहे. पण दीडशेहून अधिक वर्षं परक्या भाषेतल्या या रचना ज्यांनी जिवापाड जपल्या, त्यांच्या गाण्याबद्दल आपल्याकडे तेवढंच एक वाक्य असावं? शेजारच्या मामांनी मला एकदा विचारलं होतं, 'तुम्हाला आमचा अभंग आवडला का?' मी उच्चारांबद्दल बोललो. त्यांनी मान डोलावली आणि विषय बदलला. 'आमचा' हा शब्द मला घरी आल्यावर ऐकू आला. तेव्हापासून 'हे आमच्यासारखं नाही' ही तक्रार मी मताच्या जागी ठेवत नाही, मग तो तमिळ अभंग असो की चेन्नईच्या मुलाचं इंग्रजी रॉक.

आपल्या घाईचा परिणाम गाणाऱ्यांवरही होतो. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं गेल्याची नोंद होते. त्यामुळे गाणाऱ्यांवर दडपण येतं की जे काही मोहक असेल ते सुरुवातीलाच ओतायचं. हळूहळू उलगडणारं गाणं आपण सतत पुढे सरकवत राहिलो, तर तसं गाणं लिहायला उद्या कोण धजेल?

म्हणून विनंती अशी. नवा अल्बम आला की तो एकदा क्रमाने, हातात दुसरं काम न घेता ऐका. साधारण चाळीस-पन्नास मिनिटं लागतात, एका मालिकेच्या दोन भागांएवढी. पुन्हा ऐकण्याआधी दोन दिवस जाऊ द्या. मग बोला, आणि नाही आवडला तर तसंच स्पष्ट बोला. कलाकाराला खोट्या कौतुकाचा उपयोग नाही. फक्त त्याच्या जुन्या गाण्याची आठवण काढून नव्याला मारू नका. घरातल्या मुलांनी काही लावलं, तर पहिलं वाक्य प्रश्नाचं असू द्या: 'तुला यातलं काय आवडतं?' त्या उत्तरातून मला माझ्या मुलीबद्दल जे कळलं, ते तिच्या प्रगतिपुस्तकातून कधी कळलं नव्हतं.

आणि हे एकट्याने जमत नसेल तर एकत्र करू. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे या. पहिल्या खेपेला 'सिद्धार्थ'च लावणार आहे, सुरुवातीपासून. शेजारच्या मामांनाही बोलावलं आहे. त्यांनी एका तमिळ अल्बमचं नाव सुचवलं आहे, तो पुढच्या महिन्यात. मुलांना आणा, फोन दाराजवळच्या टेबलावर ठेवा. कॉफी अल्बम संपल्यावर.