खाटेवर पडेल त्यालाच आजारी म्हणायचे?

काही वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली. विमा कंपनीने किती रक्कम मंजूर केली, हे मी समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला न विचारता सांगत असे. पुढे माझी धाकटी मुलगी रात्र रात्र जागी राहू लागली, लोकलच्या गर्दीत तिचा श्वास कोंडू लागला, आणि आम्ही तिला दर शनिवारी वसईहून बोरिवलीला एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे नेऊ लागलो. आळीत मात्र सांगितले, 'संगणकाच्या क्लासला जाते.' फी दर खेपेस दीड हजार रुपये, रोख. पावती मी घेतली नाही. हृदयाची पावती मिरवणारा बाप मनाची पावती चुकवीत होता! (हे तिच्या संमतीने लिहितो; किंबहुना 'लिहाच' असे तिनेच सांगितले.)

महिन्याला सहा हजार, भाडे निराळे. तिसऱ्या महिन्यात लाज गिळून मी पावत्या मागून घेतल्या आणि विमा कंपनीकडे पाठविल्या. उत्तर एका ओळीचे होते : रुग्ण चोवीस तास रुग्णालयात दाखल नव्हता, सबब दावा नामंजूर.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 हा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याचे कलम 21(4) सांगते की, शारीरिक आजाराच्या उपचारांना ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर तो मानसिक आजाराच्या उपचारांनाही मिळाला पाहिजे. विमा कंपन्यांनी बरीच चालढकल केली. शेवटी नियामक प्राधिकरणाने 31 ऑक्टोबर 2022 पर्यंत सर्व पॉलिसींत तशी तरतूद करण्यास फर्माविले. कागदावर समता आली. पण ही समता कोल्ह्याने करकोच्याला थाळीत खीर वाढावी, तशी आहे. शरीराचे मोठे आजार खाटेवर बरे होतात. मन बहुधा खुर्चीवर बसून, आठवड्यामागून आठवडा बोलत, सावकाश बरे होते. खाटेची अट दोघांना सारखीच लावली की एकाचे पोट भरते आणि दुसरा उपाशी राहतो.

ही अट अपरिहार्य आहे काय? मुळीच नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून माणूस संध्याकाळी घरी परततो; डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतो आणि काही तासांनी जातो. तेथे चोवीस तासांची अट शिथिल झालीच ना? मग डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार ठरलेल्या बारा-पंधरा बैठकींनीच आकाश का कोसळते? बाह्यरुग्ण खर्चाचे जादा कलम काही पॉलिसींत मिळते, पण त्यासाठी हप्ताही जादा भरावा लागतो.

'नुसत्या बोलण्याचे पैसे कसे द्यायचे? उद्या कोणीही पाटी लावील,' असा एक आक्षेप येतो. पाट्यांचा सुळसुळाट आहे, हे मान्य. परंतु चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक मागा, बैठकींना मर्यादा घाला. मर्यादा मोतीबिंदूलाही असते.

कंपन्यांना दोष दिला. आता आपल्याकडे वळतो. 'रोख द्या, कागद नको, पोरीचे लग्न व्हायचे आहे,' हा सल्ला मला देणारी माणसे शहाणीसुरती होती, त्यांतील दोघे तर माझ्याच पिढीचे शिक्षक. या सल्ल्याची किंमत कोण मोजतो? जो दावाच करीत नाही, त्याची नकाराची नोंद कोठेच होत नाही. आणि नोंद नसली की कंपनी खुशाल म्हणू शकते, मागणीच नाही. शिवाय नव्या पॉलिसीच्या अर्जात हा आजार दडविला, तर पुढे तीच दडवादडवी दावा फेटाळण्याचे कारण ठरू शकते. आमच्या घरात दोन पगार होते, म्हणून आम्ही निभावून नेले. वाडीतली भाजी विकून घर चालविणाऱ्या विधवेचा मुलगा तिसऱ्या बैठकीनंतर जायचा थांबतो आणि आपण म्हणतो, त्याला गुण आला नाही! शासनाची 'टेली-मानस' ही 14416 क्रमांकाची विनामूल्य सेवा 2022 पासून आहे, ती अवश्य वापरावी; पण वर्षभराचा उपचार दूरध्वनीवर भागत नाही.

1918 साली याच वसईत आपल्या लोकांनी बॅसीन कॅथॉलिक पतसंस्था उभी केली; तिचीच आज बँक झाली आहे. शेजाऱ्याची आर्थिक अडचण ही सर्वांची अडचण, हे तेव्हा कळले होते. आज धर्मग्रामाच्या सणाला मंडप आणि बँड यांवर किती खर्च होतो, हे प्रत्येक समितीला ठाऊक आहे. त्यातला एक हिस्सा बाजूला काढून, नाव न पुकारता, चार घरांच्या बैठकींची फी भरता येणार नाही काय? येत्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे. कोणी अनुमोदन दिले नाही, तर तेही इतिवृत्तात लिहून घेईन.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने नकार कायम केल्यावर आम्ही विमा लोकपालाकडे गेलो आहोत. तेथे तक्रारीला शुल्क पडत नाही. अर्जात आजाराचे नाव लिहिताना माझी लेखणी अडखळली. मुलीने ती हातातून घेतली आणि स्वच्छ अक्षरांत ते नाव लिहिले.