ऊस उंबऱ्यापर्यंत नको, एक गुंठा परसबागेला द्या



गावोगावी परसबागेचे वर्ग भरवावेत, अशी सूचना शेतकी खात्याकडे आली आहे. सूचना रास्त आहे. परंतु नुसते वर्ग भरवून आणि बियाण्याच्या पुड्या वाटून काही साधणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उसाचे क्षेत्र वाढवणे हे आमचे काम. तरी आम्हीच सांगतो, ऊस पार उंबऱ्याला आणून भिडवू नका. पूर्वी पाटाच्या कडेला आळू आणि कुडावर वाल-दोडका असायचाच. आता चार एकर बागायतीचा धनी आठवडी बाजारात मेथीच्या पेंडीसाठी घासाघीस करतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराला दोन किलो! विकत घेऊन कसे भागायचे? मग ताटातली भाजीच आखडते.

जरा हिशेब मांडू. एकरी ४० टन ऊस धरला, तर गुंठ्याला एक टन. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक, बेणे, खत वजा जाता हाती राहते किती? उलट भाजीचा बाजार आठवड्याला २०० रुपये धरला, तरी वर्षाला दहा हजारांच्या वर जातो. गुंठाभर जागेत त्यातली निम्मी भाजी निघाली, तरी ऊस मागे पडला.

वर्गात शिकवायचे ते घरचेच असावे. पाचट न जाळता वाफ्यावर अंथरावे. शेणखत आणि कुजलेले प्रेसमड घालावे, न्हाणीचे पाणी केळीला सोडावे. किडीसाठी अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवावी, गाळून दहा लिटर पाण्यात फवारावी. उसात टू-फोर-डी मारताना वाऱ्याने उडालेला फवारा वांगी-टोमॅटोची पाने वाकडी करतो, हेही बजावून सांगावे. आणि बी घरचे धरावे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नव्हत्या, पण गावरान बियाणे जपले म्हणून त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली.

आता मुद्द्याचे. शेअर बहुधा पुरुषाच्या नावावर, म्हणून मेळाव्याला पुरुषच येतात. परसबाग मात्र बाईच्या हातची. तेव्हा वर्गाचे निमंत्रण तिच्या नावे जावे, आणि वर्ग गावातच, दुपारच्या सवडीने भरावा. पण शिकून घरी गेल्यावर तिने लावायचे कुठे? दारापुढे तर ऊस उभा! म्हणून लागणीची नोंद घेतो, तशीच परसबागेची नोंद गट ऑफिसात घ्यावी: कुठला गुंठा, कुठले पाणी.

वर्ग भरवणे कारखान्याच्या हाती आहे, जागा सोडणे तुमच्या. येत्या लागणीला सरी सोडताना घराजवळचा तेवढा तुकडा वगळा.