पाडव्याला सुटी, मुक्तिदिनाला नाही

गुढीपाडव्याला महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्या बंद असतात. त्याच मुहूर्तावर यवतमाळ जिल्ह्याच्या गावोगाव सालगड्यांचे साल ठरते. वर्षाचा आकडा, ठरलेले धान्य आणि हातावर ठेवलेली उचल, एवढ्यावर एक माणूस पुढल्या पाडव्यापर्यंत बांधला जातो. बैलजोडी, गोठा, शेतावरची जागल, सारे त्याच्याच माथी. माणूस बांधण्याचा दिवस सुटीच्या यादीत आहे. तो सोडविणारा दिवस मात्र त्या यादीत नाही.

असा दिवस नाही असे नव्हे. वेठबिगारी नष्ट करणारा वटहुकूम २४ ऑक्टोबर १९७५ रोजी निघाला आणि त्याची जागा घेणाऱ्या कायद्याला ९ फेब्रुवारी १९७६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. बांधलेला प्रत्येक मजूर मुक्त झाला, ज्या कर्जापायी तो बांधला गेला ते कर्ज बुडाले आणि ते वेठबिगारीचे नव्हते हे शाबीत करण्याचा भार धनकोवर आला. रिणकोचा अंगठा हाच आजवर त्याच्याविरुद्धचा पुरावा होता, हे आठवले म्हणजे या एका तरतुदीचे मोल कळते.

येथे समाजवादी कार्यकर्ता अडखळतो. वटहुकूम आणीबाणीतला. मधु लिमये तुरुंगात असताना निघालेल्या हुकमाचा उत्सव करायचा काय? शंका प्रामाणिक आहे, पण तिच्यात श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होते. संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठ आणि सक्तीचे श्रम २६ जानेवारी १९५० पासूनच निषिद्ध ठरविले होते. अंमलबजावणीचा कायदा यायला पंचवीस वर्षे लागली. ती राज्यकर्त्यांची देणगी नव्हती. थकबाकी होती, आणि तीही व्याजाविना चुकती झाली.

दुसरा आक्षेप मालकवर्गाचा: सालदार राजीखुशीने साल धरतो, त्याला वेठबिगार का म्हणावे? कायद्याच्या स्पष्टीकरणात कामिया, पालेरू, जीता, वेट्टी अशी नावे आहेत; वऱ्हाडच्या सालदाराचे नाव तेथे नाही, हेही खरे. प्रत्येक सालदार वेठबिगार असतो असे कोणी म्हणत नाही. पण उचल फिटली नाही म्हणून ज्याला साल मोडता येत नाही, दुसरीकडे कामाला जाता येत नाही, त्याला नाव कोणतेही द्या, कायद्याच्या व्याख्येत तो बसतो. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने तर किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे हीसुद्धा सक्तीच ठरविली. भुकेने दिलेली संमती ही संमती नव्हे, एवढे न्यायालयाला कळले. जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांना ते कळू नये हे नवल.

गुलामगिरीच्या अंताची सुटी ही अजब कल्पना नाही. त्रिनिदादने १९८५ साली १ ऑगस्ट हा मुक्तिदिन सार्वजनिक सुटीचा केला. मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात त्या मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारीला सुटी असते. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' ज्या अमेरिकनांना अर्पण केली, त्यांच्या देशानेही २०२१ मध्ये १९ जून ही राष्ट्रीय सुटी केली. जोतीरावांच्या महाराष्ट्राला मात्र अजून तारीखच सुचलेली नाही.

पण सुटी कोणाची? राज्याची सुटीची यादी निघते ती १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली. म्हणजे हुंडी आणि धनादेशाच्या कायद्याखाली. बँकेचा कारकून घरी बसेल, सालदार बैलांना वैरण घालीत राहील. अशी सुटी मागणे म्हणजे वेठबिगाराच्या नावावर बाबूलोकांना आणखी एक रविवार मिळवून देणे होय.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. ९ फेब्रुवारीला सालदारासह प्रत्येक शेतमजुराला भरपगारी सुटी. गोठ्याचे काम त्या दिवशी मालकाने स्वतः करावे. तहसील कचेरी मात्र उघडी हवी. कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात नेमावयाच्या दक्षता समित्यांनी त्या दिवशी उघड्यावर बसून तक्रारी ऐकाव्यात. ग्रामसभेत प्रत्येक सालाचा हिशेब, म्हणजे उचल किती, फेडली किती, खाडे किती कापले, मोठ्याने वाचला जावा. ही तारीख पाडव्याच्या आधी येते, आणि हाच तिचा मोठा गुण आहे: नवे साल ठरण्यापूर्वी जुन्याचा हिशेब गावासमोर झालेला असेल. उमरखेडपासून वणीपर्यंतच्या शाखांनी या मागणीचे ठराव आपापल्या ग्रामसभांत मांडावेत, आणि ते मांडताना सालदारांना पुढे बसवावे.