पुढचे दार बंद, मागचे उघडे!

जागतिक फुटबॉल स्पर्धेची सोडत ५ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टन येथे निघाली, तेव्हा काळाने एक विलक्षण योग जुळवून आणला. अल्जीरिया आणि ऑस्ट्रिया हे दोन देश २०२६ च्या स्पर्धेसाठी एकाच गटात आले. अर्जेंटिना व जॉर्डन हे त्यांचे गटबंधू. वेळापत्रकाने या योगात आणखी भर घातली आणि अल्जीरिया-ऑस्ट्रिया सामना गटसाखळीच्या अगदी अखेरच्या दिवशी, २७ जूनला, कॅन्सस सिटी येथे ठेवला. तरुण वाचकांस यात काही विशेष वाटणार नाही. परंतु ज्यांना १९८२ साल आठवते, त्यांच्या दृष्टीने ही दोन नावे एका ओळीत येणे म्हणजे जुन्या जखमेवरची खपली निघणे होय.

त्या वर्षी स्पेनमध्ये भरलेल्या स्पर्धेत अल्जीरिया प्रथमच उतरला होता. स्वतंत्र होऊन अवघी वीस वर्षे झालेल्या या देशाने १६ जूनला युरोपविजेत्या पश्चिम जर्मनीस २-१ असे पाणी पाजले. पुढे ऑस्ट्रियाकडून तो हरला, पण २४ जूनला त्याने चिलीवर ३-२ अशी मात केली. गटातला शेवटचा सामना दुसऱ्या दिवशी हिहोन शहरी पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया यांच्यात होता. मैदानावर उतरताना दोन्ही संघांना पक्के ठाऊक होते, की जर्मनी एका वा दोन गोलांनी जिंकली तर दोघेही पुढे जातात आणि अल्जीरिया घरी जातो. सामन्याच्या आरंभीच रुबेशने गोल केला. त्यानंतर जे चालले, त्यास खेळ म्हणणे हा खेळाचा अपमान ठरेल. चेंडू या पायाकडून त्या पायाकडे निरुद्देश फिरत राहिला. प्रेक्षकांनी नोटा फडकावून आपला संताप व्यक्त केला. निकाल १-० असाच राहिला. अल्जीरियाने तक्रार केली. ती फेटाळण्यात आली. नियम कोणताच मोडला नव्हता ना!

या घटनेत खरे मर्म आहे ते येथेच. खेळाडूंना दोष देणे सोपे आहे, आणि तो त्यांना द्यावयासही हवा. परंतु मोहाचे ताट वाढून ठेवले होते ते वेळापत्रकाने. परीक्षेस दोन तुकड्या बसवावयाच्या, आणि दुसऱ्या तुकडीस पहिलीचे गुणपत्रक आधीच दाखवून ‘इतके गुण मिळवलेत की पुरे’ असे सांगावयाचे, तर त्या परीक्षेतून गुणवत्तेचा निवाडा कसा व्हावा? स्पर्धेची निष्ठा केवळ स्पर्धकांच्या सचोटीवर उभी नसते. ‘पुरे’ कशाला म्हणावयाचे, हे कोणासच आगाऊ कळू नये, या व्यवस्थेवरही ती उभी असते.

फिफाने हा धडा घेतला. १९८६ पासून गटातील अखेरचे दोन सामने एकाच वेळी खेळविण्याचा दंडक घातला गेला. १९९८ ते २०२२ या काळात संघ बत्तीस, गट आठ आणि प्रत्येक गटातून पहिले दोघेच पुढे, अशी नेटकी मांडणी होती. एका गटाचा हिशेब त्या गटातच मिटत असे. आता संघ अठ्ठेचाळीस झाले. प्रथम तीन-तीन संघांचे सोळा गट करण्याचे घाटत होते. त्यात एक संघ अखेरच्या सामन्याचा निव्वळ प्रेक्षक ठरला असता, म्हणजे हिहोनच पुन्हा! मार्च २०२३ मध्ये तो बेत सुदैवाने सोडून देण्यात आला आणि चार-चार संघांचे बारा गट ठरले. परंतु बारा गटांतील पहिले दोन धरले तरी चोवीसच होतात. बत्तीस भरावयाचे म्हणून तिसऱ्या क्रमांकाच्या बारांपैकी आठ संघ वर घ्यावयाचे. गटांच्या अखेरच्या फेऱ्या मात्र २४ ते २७ जून अशा चार दिवसांत वाटलेल्या. म्हणजे पहिल्या दिवशीचा संघ अंधारात चाचपडणार आणि चौथ्या दिवशीचा संघ किती गुण, किती गोल पुरेत याचा आकडा हाती घेऊन उतरणार. पुढच्या दाराला १९८६ मध्ये घातलेले कुलूप तसेच आहे. मागचे दार सताड उघडे आहे. आणि त्या चौथ्या दिवशीच अल्जीरिया-ऑस्ट्रिया सामना यावा, यास काय म्हणावे?

कॅन्सस सिटीच्या सामन्यातील खेळाडूंच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचा आमचा हेतू नाही. मोठ्या स्पर्धेमुळे जॉर्डन, उझबेकिस्तान, केप व्हर्दे, कुरासाव यांसारख्या देशांना प्रथमच प्रवेश मिळाला, याचा आनंद आम्हासही आहे. पण धाकट्यांना पंगतीस बोलवावयाचे आणि वाढण्याची रीत थोरामोठ्यांच्या सोयीची ठेवावयाची, हे औदार्य नव्हे. संख्या वाढविताना न्यायाचे गणित आधी मांडावयास हवे होते. ते बत्तिसात बरोबर सुटते, अठ्ठेचाळिसात सुटत नाही. संख्या कमी करावयाची नसेल, तर निदान अखेरच्या फेऱ्या चार दिवसांऐवजी दोन दिवसांत आटोपाव्यात. दूरचित्रवाणीचे थोडे नुकसान होईल. खेळाचे होणार नाही.

भारत या स्पर्धेत अद्याप एकही सामना खेळलेला नाही. मग ही उठाठेव आपण कशास करावी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. आपला संघ कधी काळी तेथे पोहोचलाच, तर तो जर्मनीच्या खुर्चीवर बसणार नाही. तो १९८२ च्या अल्जीरियाच्या बाकावर बसेल. दुबळ्याला दुसऱ्याची कृपा नको असते. आपला निकाल दुसऱ्या दोघांनी संगनमताने लावू नये, एवढीच त्याची मागणी असते, आणि ती पुरी करणे हे व्यवस्थेचे पहिले कर्तव्य होय.